पगाराचं कार्ड: फॉक्सकॉनमधल्या ३७ दिवसांचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २०१० च्या दुसऱ्या आठवड्यात चीनच्या हुबेई प्रांतातल्या एका खेड्यातली १७ वर्षांची मुलगी शेन्झेन शहरात, इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडून देणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात कामाला लागली. १७ मार्चच्या सकाळी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. १२ दिवस ती बेशुद्ध होती. वाचली, पण कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. कामावर लागल्यापासून त्या सकाळपर्यंतचे दिवस मोजले तर ३७ भरतात.

तिचं नाव जगभर छापून आलं, पुढे तिने स्वतः संशोधकांना सविस्तर मुलाखती दिल्या. तरी इथे मी ते नाव घेत नाही, कारण मला लिहायचंय ते त्या ३७ दिवसांत एकामागून एक काय घडत गेलं याबद्दल. त्या एका वर्षात फॉक्सकॉनच्या चीनमधल्या कारखान्यांत १८ कामगारांनी असा प्रयत्न केला आणि १४ जण गेले. बहुतेक सगळे १७ ते २५ वर्षांचे. जे गेले त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आईबापांचा आक्रोश आणि कंपनीचं निवेदन एवढंच हाती उरतं. ही वाचली, म्हणून तिच्या तोंडून कळलं. आणि तिने जे सांगितलं त्यात राक्षसी म्हणावं असं कुणीच नाही. कुणी मारलं नाही, कुणी कोंडलं नाही. पगाराचं कार्ड मिळालं नाही, इथून गोष्ट फिरली.

ती घरून काय घेऊन आली होती, ते आधी पाहू. आईबाप शहरात मजुरीला, ती आजीपाशी वाढलेली. धाकट्या भावाला ऐकू येत नाही. अशा मुलांना चीनमध्ये ‘मागे राहिलेली मुलं’ म्हणतात. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या आईबापांची पोरं आजीच्या पदराखाली सहा महिने काढतात, त्यांना ज्याने पाहिलंय त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यात चीनची घरनोंदणीची पद्धत. माणूस शहरात कितीही वर्षं राबला तरी त्याची नोंद गावची. शाळा, दवाखाना, घर, सगळे हक्क त्या नोंदीला बांधलेले. म्हणजे शेन्झेनमध्ये कामाला आलेली पोरगी शहरात असते, पण शहराची नसते. तिला आसरा द्यायला कारखाना आणि कारखान्याचं वसतिगृह यांखेरीज दुसरं काही नाही.

कारखाना मात्र शहराएवढा. फॉक्सकॉन ही तैवानच्या होन हाय या कंपनीची ओळख. टेरी गौ यांनी १९७४ मध्ये ती काढली, १९८८ मध्ये ती शेन्झेनला आली, आणि २०१० पर्यंत जगातल्या जवळपास सगळ्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक ब्रँडचा माल तिथे जोडला जाऊ लागला. लोंगहुआ इथल्या मुख्य आवारात त्या वेळी तीन लाखांहून जास्त माणसं काम करत होती. आवारात खानावळी होत्या, दवाखाना, बँक, अग्निशमन दल, दुकानं, पोहण्याचा तलावसुद्धा होता. हे मी मुद्दाम सांगतोय. कल्याणकारी सुविधांची यादी घेऊन कुणी तपासणीला गेलं असतं, तर त्याच्या कागदावर बहुतेक ठिकाणी बरोबरची खूण पडली असती.

मुलीला काम मिळालं फॉक्सकॉनच्याच ग्वानलान इथल्या दुसऱ्या आवारात. स्क्रीनवर ओरखडा आहे का, ते तपासायचं. सकाळी साडेसहाला उठायचं, ७.२० ला लाइनवर सभा, तिचे पैसे नाहीत. सभेत सुपरवायझरने विचारायचं, कसे आहात? सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, छान, खूप छान, खूप खूप छान! मग काम सुरू, आणि बोलणं बंद. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीशीसुद्धा नाही. भिंतींवर गौ यांची वचनं, खडतर परिस्थिती माणसाला घडवते अशा आशयाची. चूक झाली तर सगळ्यांसमोर उभं राहून कबुली वाचून दाखवायची. महिन्यानंतर दिवसपाळीची रात्रपाळी. ओव्हरटाइमसाठी कधी जेवणाच्या सुट्टीतला वेळही जायचा, आणि सुट्टीचा पूर्ण दिवस दोन आठवड्यांतून एकदा.

ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नव्हतं का? कागदावर येत होतं. पण मूळ पगार होता महिना ९०० युआन, म्हणजे शेन्झेनचं त्या वेळचं कायदेशीर किमान वेतन, त्यावर एक पैसा नाही. घरी पैसे पाठवायचे तर ओव्हरटाइम हाच खरा पगार. चिनी कायद्यात ओव्हरटाइमची मर्यादा महिन्याला ३६ तास. जानेवारी २०१० मध्ये गेलेल्या १९ वर्षांच्या एका मुलाने त्याआधीच्या महिन्यात २८६ तास काम केलं होतं, त्यातले ११२ तास ओव्हरटाइमचे. ही नोंद त्याच्या पगाराच्या पावतीवर होती. आपल्या एमआयडीसीतल्या कुणाही ठेक्यावरच्या पोराला विचारा, तो सांगेल की ओटी नसलेला महिना म्हणजे उपाशी महिना. म्हणून मूळ पगार कमी ठेवून ओव्हरटाइमला ‘ऐच्छिक’ म्हणणं मला मान्य नाही. तिथे इच्छेला जागाच ठेवलेली नसते.

रात्री वसतिगृह. एका खोलीत आठ जणी, आठही जणी वेगवेगळ्या ठिकाणच्या. कुणाची बोली कुणाला नीट कळत नाही, पाळ्याही वेगळ्या, एक आली तेव्हा दुसरी झोपलेली. गाववाल्यांना एकत्र न ठेवण्याची ही रीत अपघाताने आलेली नाही. एका गावची माणसं एका खोलीत आली की गट होतो, गट झाला की मागण्या येतात, हे व्यवस्थापनाला ठाऊक असतं. पण त्याच गटात दुसरीही एक गोष्ट असते. जेवली नाहीस का गं, एवढं विचारणारं कुणीतरी. गिरणगावातला कोकणी गिरणीकामगार एकाच गावच्या माणसांच्या गाळ्यात राहायचा, खानावळवाल्या बाईकडे जेवायचा, बदलीचं काम मिळालं नाही तर तिचे पैसे पुढच्या महिन्यावर टाकायचा. ती खोली कोंदट होती, तिला मी स्वर्ग म्हणणार नाही. पण तिथे माणूस गप्प झाला तर दुसऱ्या दिवशी चार जणांच्या लक्षात यायचं. ग्वानलानच्या त्या खोलीत नवी मुलगी ३७ दिवस राहिली आणि तिची कुणाशीही मैत्री झाली नाही.

आता कार्ड. महिना भरला तसा लाइनवरच्या बाकीच्या मुलींना पगाराचं बँककार्ड मिळालं. तिला नाही. तिने लाइनच्या प्रमुखाला विचारलं. तिचे भरतीचे कागद लोंगहुआला झाले होते, काम ग्वानलानला होतं, तेव्हा कार्ड तिकडेच राहिलं असेल, तिकडे जाऊन विचार, असं उत्तर मिळालं. ती एकटी बसने लोंगहुआला गेली. या इमारतीतून त्या इमारतीत, या खिडकीवरून त्या खिडकीवर. प्रत्येकाने पुढच्याचं नाव सांगितलं. मध्येच एखाद्याने जरा थांब म्हटलं आणि तो विसरला. तीन लाख माणसांच्या त्या आवारात तिच्या सुमारे महिनाभराच्या कष्टाचे पैसे कुठे आहेत हे सांगणारा एकही माणूस तिला भेटला नाही. संध्याकाळी ती रिकाम्या हाताने परतली. घरून आणलेले पैसे संपले होते, मोबाइल बिघडला होता, नातलगांशी बोलायचा दुसरा मार्ग नव्हता. पुढची सकाळ १७ मार्चची.

इथे मला थोडं थांबायचंय. हे वाचून काहींच्या मनात येईल, एवढ्याशा कारणावरून? मानसिक आरोग्याच्या कामात हा प्रश्न नेहमी येतो आणि तो जरा चुकीच्या जागी उभा असतो. पगाराचं कार्ड हे कारण नव्हतं, तसं तिने कधी म्हटलंही नाही. आत्महत्येचं एकच एक कारण नसतंच. लांब पाळ्या, अपुरी झोप, अपमान, एकटेपणा, घरची ओढ, पैशाची चिंता, असं सगळं एकत्र साचत जातं. पण साचलेलं उपसायला माणसाला एखादी वाट लागते, आणि ती मुलगी त्या दिवशी नेमकी तीच शोधत इमारतींमधून हिंडत होती. तिने मदत मागितली होती. रडून, ‘मला निराश वाटतंय’ असं सांगून नाही, तर कामगार मागतो तशी, साहेब माझा पगार झाला नाही, असं म्हणून. कारखान्यातला ताण बहुतेक वेळा याच भाषेत बोलतो. रजा पाहिजे, पाळी बदलून पाहिजे, माझे दोन दिवस कमी लागलेत, मला त्या मशिनवर नको. ऐकणाऱ्याला त्यात फक्त तक्रार ऐकू आली तर पुढचं सगळं समुपदेशन उशिरा येतं.

कंपनीने नंतर काय काय केलं, तेही नीट पाहायला हवं, कारण काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मदतीची हेल्पलाइन सुरू झाली, समुपदेशक नेमले गेले. आवारात बौद्ध भिक्खूंना बोलावून प्रार्थना झाल्या. राग काढायला खोली काढली, तिथे ठोसे मारायच्या पिशव्या टांगल्या. मे महिन्यात कामगारांसमोर एक पत्र सहीसाठी आलं: मी स्वतःला इजा करणार नाही, आणि तसं झालंच तर माझं कुटुंब कायद्यातल्या किमान रकमेपेक्षा जास्त भरपाई मागणार नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की ते मागे घ्यावं लागलं. २६ मे रोजी गौ स्वतः पत्रकारांना घेऊन आवारात फिरले, वाकून माफी मागितली. त्याच रात्री आणखी एक कामगार गेला. आणि इमारतींभोवती जाळ्या लागल्या.

जाळ्यांची छायाचित्रं जगभर गाजली आणि त्यांची टिंगलही फार झाली. मी त्यात सामील होणार नाही. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. ती लाट ओसरेपर्यंत साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे जगतात. हा प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं. तेव्हा जाळ्या लावल्या ते बरोबरच केलं. प्रश्न जाळ्यांच्या वरच्या मजल्यांचा आहे. तिथे लाइनचा वेग तोच, गप्प बसण्याचा नियम तोच, आठ अनोळखी जणींची खोली तीच.

हेल्पलाइनबद्दलही असंच. फोन उचलणारा समुपदेशक कंपनीचा पगारदार. तो ऐकून घेईल, पण लाइनचं टार्गेट कमी करणं त्याच्या हातात नाही, पगार काढणं त्याच्या हातात नाही. शिवाय आपण काय बोललो ते सुपरवायझरच्या कानावर जाणार नाही, याची खात्री कामगाराला कोण देणार? कामगार संघटना हा दुसरा दरवाजा असू शकला असता. फॉक्सकॉनमध्ये संघटना होती, अधिकृत होती, पण तिच्या अध्यक्षपदावर व्यवस्थापनातलीच, गौ यांच्या जवळची व्यक्ती. तिच्याकडे लाइनविरुद्धची तक्रार घेऊन जाणं म्हणजे सासूची तक्रार सासूकडेच.

त्याच मे महिन्यात चीनमधल्या नऊ समाजशास्त्रज्ञांनी एक जाहीर पत्र काढलं. स्थलांतरित कामगारांची ही दुसरी पिढी आहे, या मुलांना गावाकडे परतायची वाट उरलेली नाही आणि शहर त्यांना घेत नाही, स्वस्त मजुरीवर उभ्या असलेल्या विकासाची ही किंमत आहे, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या बाजूने, आणि तिच्या मोठ्या ग्राहक कंपनीच्या बाजूनेही, वेगळा युक्तिवाद झाला. एवढ्या लाखांच्या मनुष्यबळात हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमीच आहे. हा युक्तिवाद आजही कारखान्याच्या बैठकांमध्ये आकडे बदलून ऐकू येतो, म्हणून त्यातली चूक मांडतो. देशाच्या सरासरीत म्हातारे असतात, दीर्घ आजारी असतात, बेकार असतात, खेड्यात कीटकनाशक हाताशी असलेले शेतकरी असतात. चीनमध्ये त्या काळी ग्रामीण भागातलं आणि वृद्धांमधलं प्रमाण सर्वांत मोठं होतं. कारखान्यात येतात ती तरुण, धडधाकट, भरतीच्या वेळी तपासून घेतलेली माणसं. त्यांची तुलना सगळ्या देशाशी करणं म्हणजे तालमीतल्या पोरांची तब्येत दवाखान्यातल्या रांगेशी लावून पाहणं. शिवाय काही महिन्यांत, काही आवारांत, एकाच पद्धतीने इतक्या घटना घडतात तेव्हा तो पुंजका असतो, एकातून दुसऱ्याला वाट दिसत जाते. सरासरी काढली की पुंजका दिसेनासा होतो.

जून २०१० मध्ये मूळ पगार ९०० वरून १,२०० युआन झाला. माझ्या मते त्या वर्षी कंपनीने कामगारांच्या मनासाठी जे जे केलं त्यात सर्वांत थेट पोचणारी गोष्ट हीच, आणि ती मानसिक आरोग्याच्या नावाखाली कुणी मोजली नाही. पण शेन्झेनचं किमान वेतनच १ जुलैपासून १,१०० झालं, तेव्हा वाढीचा मोठा भाग तसाही कायद्याने आलाच असता. काही लाइनींवर पगारासोबत टार्गेटही वाढलं. आणि उत्पादनाचा मोठा हिस्सा चंगतू, चंगचौ अशा आतल्या शहरांकडे हलू लागला, जिथे किमान वेतन कमी.

पुढचा धागा थोडक्यात. २० मे २०११ रोजी चंगतूच्या कारखान्यात पॉलिश करताना उडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला, कामगार दगावले. जानेवारी २०१२ मध्ये वूहानला फॉक्सकॉनचे दीडशेच्या आसपास कामगार जीव देण्याचा सामूहिक इशारा देत इमारतीच्या छतावर चढले. त्यांची तक्रार एका लाइनवरून दुसरीकडे हलवण्याची आणि पगाराची होती. बोलणी झाली आणि ते खाली उतरले. त्याच वर्षी फेअर लेबर असोसिएशन या कामगारांच्या परिस्थितीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने फॉक्सकॉनच्या तीन कारखान्यांची पाहणी केली, ३५,००० हून जास्त कामगारांना प्रश्न विचारले. मार्चच्या अहवालात आलं की गर्दीच्या काळात आठवड्याचे तास ६० च्या वर जात होते, आणि ६४ टक्के कामगारांनी सांगितलं की पगारात गरजा भागत नाहीत. कामगार संघटनेच्या समित्यांवर व्यवस्थापनाची माणसं आहेत, हेही त्यात होतं. जाळ्या लागून तोवर दोन वर्षं होत आली होती.

वूहानच्या छताचा प्रसंग मला फार बोलका वाटतो. दोन वर्षांपूर्वी एकेकटे गेलेले आणि इथे दीडशे एकत्र. त्या दीडशेंच्या मनावरचा ताण कमी होता असं नाही, पण त्यांच्यापाशी एकमेकं होती, आणि म्हणून त्यांचं गाऱ्हाणं कुणाला तरी ऐकावं लागलं. छतापर्यंत जाऊन ते मांडावं लागलं हे भयंकरच. तरी कामगाराला आधार बहुतेकदा शेजारच्या खुर्चीवरून मिळतो, आणि लाइनवर बोलायला बंदी घालणारा नियम पहिला घाव तिथेच घालतो.

या प्रकरणाचा आपल्याशी संबंध काय, तर तो अगदी सरळ आहे. फॉक्सकॉन भारतात आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये तिने महाराष्ट्र सरकारशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा करार केला, तो कागदावरच राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांतासोबतचा तिचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असं कळलं तेव्हा राज्यात केवढं रान पेटलं होतं! प्रकल्प कुणी घालवला यावर महिनाभर भांडण झालं. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. त्या सगळ्या वादात, तो कारखाना आला असता तर त्यातली पोरं-पोरी राहिली कुठे असती, हा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नाही.

तमिळनाडूत तो प्रश्न आला. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यात हजारो तरुण मुली आयफोन जोडतात, वसतिगृहांत राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये एका वसतिगृहातल्या अन्नातून अडीचशेहून जास्त जणींना विषबाधा झाली, १५९ जणींना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परतल्या नाहीत, कुठे आहेत ते कुणी सांगेना, मग काही जणी मेल्या अशी अफवा फोनवरून पसरली. मुली हजारोंच्या संख्येने चेन्नई–बंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या. पोलिसांनी काहींना ताब्यात घेतलं. मृत्यू एकही झालेला नव्हता. नंतरच्या तपासणीत काही खोल्यांत मुली जमिनीवर झोपत होत्या आणि काही ठिकाणी संडासात पाणी नव्हतं, हेही उघड झालं. अ‍ॅपलने कारखान्याला काही काळ देखरेखीखाली ठेवलं.

शेन्झेनची ती मुलगी पगाराबद्दल विचारत होती, श्रीपेरुंबुदूरच्या मुली खोलीतल्या मैत्रिणीबद्दल. उत्तर द्यायला जबाबदार माणूस दोन्हीकडे नव्हता. फरक इतकाच की इथे त्या एकत्र रस्त्यावर उतरू शकल्या.

चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, वाळूज या पट्ट्यांत कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये आज हीच रचना आहे, फक्त भिंतीवर कंपनीचं नाव नाही. एका खोलीत सहा-आठ जण, एक बिहारचा, एक मराठवाड्याचा, एक ओडिशाचा, पाळ्या वेगळ्या. कामावर घेतो ठेकेदार, काम करून घेते कंपनी. पगार चुकला तर कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो बिल पास झालं नाही, एचआर म्हणतं तू आमच्या रोलवर नाहीस. लोंगहुआच्या इमारतींमधली तीच फिरती. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा होता. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा २५० वर आणली आहे. कायद्याने माणूस बसवला, हे चांगलंच. पण तो बसतो प्रशासकीय इमारतीत, दिवसपाळीत. रात्री दोन वाजता तिसऱ्या पाळीत कुणाचा चेहरा उतरलाय हे पाहायला तिथे सुपरवायझरखेरीज कुणी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यवस्थापक-सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाचा आग्रह ठळक आहे, आणि कामाची रचनाच बदलण्याचाही. या दुसऱ्या अर्ध्याकडे कंपन्या वळत नाहीत. योगासनांचं सत्र ठेवायला एक सकाळ लागते, पाळीचं चक्र बदलायला उत्पादनाच्या माणसाशी भांडावं लागतं.

एखाद्या कारखान्यात कामगारांसाठी काही करायचंय म्हणून कुणी विचारलं तर मी समुपदेशकाआधी तीन साध्या गोष्टी सांगेन. नव्या माणसाला पहिले दोन महिने त्याच्या गावचा किंवा निदान त्याच्या भाषेचा एक जुना कामगार जोडून द्या, एका पाळीत, शक्य तर एका खोलीत. पगाराची तक्रार आली तर ती तक्रार फिरेल, माणूस फिरणार नाही, असा नियम करा. ज्याच्याकडे तो पहिल्यांदा आला त्यानेच उत्तर आणून द्यायचं. आणि सुपरवायझरला विचारा, तुझ्या लाइनवरच्या किती जणांच्या घरी कोण कोण आहे ते तुला ठाऊक आहे? मग समुपदेशक आणा, जरूर आणा, पण कंपनीच्या पगारावर नसलेला. आणि वसतिगृहाच्या दारावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठी, हिंदी, ओडिया, बंगालीत लावा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू आहे, आणि फोन कुणी केला हे कंपनीला कळत नाही. हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःसाठी लागला तर त्यानेही तो जरूर फिरवावा.

ती मुलगी ऑक्टोबर २०१० पर्यंत शेन्झेनच्या दवाखान्यात होती. कंपनीने १,८०,००० युआन एकरकमी दिले, माणुसकीच्या नात्याने म्हणून, आणि आईबाप तिला हुबेईच्या घरी घेऊन गेले. चाकाच्या खुर्चीत बसून ती घरी कापडी सपाता शिवायला शिकली. हातात काम होतं, गावची माणसं येऊन-जाऊन बोलत होती, आणि विकलेल्या जोड्यांचे पैसे थेट तिच्या हातात पडत होते.